वाघीण गेली, असं मी लिहिलं

१० मार्च, सोमवार. सकाळी ९.
आजपासून पूर्णवेळ लेखक. चंद्रपूरच्या कॉम्प्युटर क्लासचा राजीनामा शनिवारीच दिला. सरांनी थांबायचा आग्रह केला नाही, बहुतेक धक्का बसला असावा. गावी परत. ब्लॉगचं नाव 'वाघाच्या वाटेवर'. परिचय: निकेश, वन्यजीव लेखक व जंगल अभ्यासक. वाघ अजून प्रत्यक्ष बघितलेला नाही, पण सिंदेवाहीजवळ जन्मलेल्या माणसाला हे कोण विचारणार?
नियम: पहाटे पाचला उठणे. रोज हजार शब्द. वाचक पुण्यामुंबईचा धरायचा, म्हणून भाषा शुद्ध. रोजनिशीतसुद्धा.
मयुरीने विचारलं, हे किती दिवस चालणार. म्हटलं, करिअरचे दिवस मोजत नाहीत. तिने मोजले आणि मार्चअखेर सांगितलं. मोठ्या लेखकांच्या बायका अशाच असतात.

११ मार्च.
उठलो सव्वाआठला. शीर्षक तयार: 'अरण्याची हाक'. लेख राहिला. खिडकीखाली बकऱ्या बांधतात, त्यांच्यापुढे अरण्याचं काही चालत नाही.

१४ मार्च. होळीचा रंग.
फ्रीलान्सरला सुट्टी नसते असा नियम होता. बदलला.
ब्लॉगचे एकूण व्ह्यूज अकरा. त्यातले नऊ माझेच, मोबाईलवर नीट दिसतं का ते बघताना झालेले. उरलेले दोन कोण असतील? वाचक जमायला लागला आहे.
आईला वाचता येत नाही. पण मी टायपिंगला बसलो की ती बकऱ्या तिकडे नेऊन बांधते. गावात सांगत फिरते, माया पोरगा पेपरात लिवते. पेपर वेगळा, ब्लॉग वेगळा, हे दोनदा समजावलं. सोडून दिलं.

१८ मार्च, मंगळवार.
नाल्यापलीकडे वाघिणीने गाय मारली. सोबत दोन पिल्लं. आमच्या बीटचा फॉरेस्ट गार्ड हेमराजभाऊ याने दवंडी दिली: पुढचं सांगेपर्यंत कोणीही मोहाची फुलं वेचायला जायचं नाही.
आई चिडली. तिची चार मोहाची झाडं नाल्यापलीकडेच आहेत. कागदोपत्री नाहीत, पण आईच्या नावाने, रुखमाबाईची झाडं म्हणून गावात दुसरं कोणी तिथे टोपली घेऊन जात नाही. फुलं पडून राह्यली, सांबर खाऊन जाते, असं दिवसभर पुटपुटत होती.
मी मात्र खूश. घराजवळ वाघीण, अन् आपण वन्यजीव लेखक! हेमराजभाऊ म्हणाला, चाल, पंजे दाखवतो. नेमकी कंबर धरली.

२० मार्च, गुरुवार.
पुण्याच्या पोर्टलचे संपादक श्रीहरी सर यांचा मेल आला! 'अरण्याची हाक'चं नुसतं शीर्षक पाठवलं होतं, ते नको म्हणाले. ताजं पाहिजे, स्वतः बघितलेलं पाहिजे, उद्या सकाळी दहाच्या आत. जमलं तर दर आठवड्याला स्तंभ.
स्तंभ. मयुरीला सांगितलं. पहिल्यांदाच तिने दिवस मोजले नाहीत.

२१ मार्च, शुक्रवार.
८.४०. आत्ताच उठलो. वीस मिनिटांत जंगल बघून येता येईल.
८.५०. हेमराजभाऊला फोन केला, वाघीण कुठे आहे म्हणून. तिथेच आहे म्हणाला. मग जाण्यात अर्थ नाही. सुरक्षितता हासुद्धा अभ्यासाचा भाग असतो.
९.२५. शब्द: शून्य. 
९.४०. 'वाघीण तिथेच आहे' यात बातमी काय? ती गेली, तर बातमी.
९.५८. पाठवलं! 'वाघीण गेली'. पहाटेच्या धुक्यात ती दोन पिल्लांना घेऊन डांबरी रस्ता ओलांडते आणि उत्तरेकडे निघून जाते, मी पळसामागून बघतो. शेवटच्या ओळीला माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कोणाचं काय बिघडतं? वाघीण आज ना उद्या जाणारच.

२२ मार्च, शनिवार. दुपारी ४.
चार हजार व्ह्यूज!! तालुक्याच्या प्रत्येक ग्रुपवर फिरून राहिलंय. खाली माझं नाव, गावाचं नाव.
हेमराजभाऊचे तीन मिस्ड कॉल. अभिनंदनाचे असणार. उचलले नाहीत, थोडं अंतर ठेवलेलं बरं.
मयुरीने विचारलं, धुकं कधी पाहिलं तुम्ही, नऊला तर चहा दिला मी. तिला सांगितलं, लेखकाचं सत्य वेगळं असतं. ती म्हणाली, वाघिणीचं वेगळं नसते. तिचा स्वभावच तसा.
शेजारच्या रिनाने ओसरीवर बसून आईला पूर्ण लेख वाचून दाखवला. आईने तो दोनदा ऐकला. मी आतून ऐकत होतो. छान वाटलं.

२३ मार्च, रविवार.
५.५०. आज पाचच्या नियमाजवळ पोचलो, कारण मयुरीने गदागदा हलवून उठवलं. आई घरात नाही. टोपली नाही.
५.५५. रिनाच्या घरी विचारलं. चार बाया मिळून मोहाला गेल्या म्हणे. आई पुढे.
६.०५. हे मोबाईलमध्ये टाईप करून राहिलो. तळ्याच्या पाळीवर आहो. पायात मयुरीच्या चपला. फोन करतो तर आईचा फोन घरीच वाजून राह्यला.
६.१५. हेमराजभाऊ भेटला, काठी घेऊन पळत येऊन राह्यला होता. काल सांजच्याले जंगलातल्या कॅमेऱ्यात वाघिणीचा फोटो आला म्हणते. नाल्यापाशीच हाये ते. पिल्लं बी. माया तोंडाकडे पाह्यलं अन् तसाच नाल्याकडे वळला. बोलला असता तं बरं झालं असतं.
६.२०. मले भेव लागून राह्यलं. नाला आला.

त्याच दिवशी, दुपारी १२.
 नीट लिहून काढतो.
चौघी बाया आईच्या मोठ्या मोहाखाली वाकून फुलं वेचत होत्या. आई सगळ्यांत कडेला, पाठ झुडपांकडे. तिच्या मागे तीस-चाळीस पावलांवर गवत हललं. वारा नव्हता. हेमराजभाऊने माझा दंड धरला आणि हळू आवाजात सांगितलं, पळायचं नाही, आवाज द्यायचा.
मी आवाज दिला. आयुष्यात इतका मोठा दिला नसेल.
"आई, निघ तिथून! वाघीण गेली नाई! मी खोटं लिवलो!"
आई सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली. मागून गुरगुर आली, पोटातून आल्यासारखी. बाकीच्या तिघींनी आईला ओढून मधे घेतलं, पाठीला पाठ लावली, टोपल्या बडवत, ओरडत एकेक पाऊल मागे यायला लागल्या. हेमराजभाऊ काठी आपटत पुढे गेला. मला वाटतं मीही गेलो. मयुरीची एक चप्पल नाल्यात गेली, त्यावरून तरी गेलो असेन. झुडपात पिवळं काहीतरी वळलं आणि दिसेनासं झालं. वाघ पाहिला असं म्हणायला हरकत नाही, पण म्हणावंसं वाटत नाही.
 आईची टोपली अर्धी भरली होती, ती तिने गावापर्यंत एकदाही माझ्याकडे दिली नाही. अंगणात चटईवर फुलं पसरताना माझ्याकडे न बघता म्हणाली,
"तू लिवलं म्हून गेली मी."

२४ मार्च.
श्रीहरी सरांना सगळं खरं कळवलं. लेख काढा म्हटलं. ते म्हणाले, माफी कोणी वाचत नाही, त्यापेक्षा नाल्यावरचा थरार भाग दोन म्हणून द्या. अर्धा तास विचार केला. अर्धा तास केला, हे लिहून ठेवायला पाहिजे. मग नाही म्हटलं.
ब्लॉगवर टाकलं: 'वाघीण गेलेली नाही. मी खोटं लिहिलं.' व्ह्यूज सहा. यावेळी माझे फक्त दोन.
पोर्टलवरून लेख दुपारी काढला. ग्रुपवर फिरतोच आहे. हेमराजभाऊने मला सोबत घेतलं आणि घरोघर नेलं. प्रत्येक दारात मीच सांगायचं. सत्तावीस घरं. एका घरी पाणी विचारलं.

२६ मार्च.
आई वाढते, बोलत नाही. तिचा राग दोन दिवसांत उतरतो, हा माझा अभ्यास आहे. आज तिसरा.
नवा विचार: अनुभव दांडगा आहे, याचं पुस्तक होऊ शकतं. शीर्षक तयार आहे. मयुरीला सांगितलं. तिने चंद्रपूरच्या क्लासच्या सरांचा नंबर काढून दिला.

२९ मार्च, शनिवार.
हेमराजभाऊने काम दिलं. नाल्याच्या वाटेवर बोर्ड रंगवायचा, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. मी बत्तीस ओळींचा मजकूर करून नेला: सहजीवन, निसर्गाचा तोल वगैरे. त्याने सगळा खोडला आणि एवढंच ठेवलं: 'वाघीण आहे. मोहाला जाऊ नये.'
म्हटलं ठीक. खरं आहे, थोडक्यात आहे, आणि वाचक रोज याच वाटेने जाणार. लेखक म्हणून नवी सुरुवात इथूनच. उन्हात बसून एकेक अक्षर कोरलं.
'जाऊ नये'पर्यंत आलो तर आई आली, बकऱ्या घेऊन. सहा दिवसांनी आपणहून बोलली. काय लिवलं म्हणून विचारलं. मी ब्रश खाली ठेवला, उभा राहिलो आणि सावकाश, स्पष्ट वाचून दाखवलं.
तिने बोर्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग चार पावलं पलीकडे हेमराजभाऊ खड्डा खणत होता, त्याच्यापाशी गेली.
"हेमराजभाऊ," तिने विचारलं, "हा काय म्हणून राह्यला, ते खरं हाये का?"
तो मान हलवून हाव म्हणाला. मग ती बकऱ्या घेऊन घराकडे वळली.