वर्गात बंद केलेला शब्द

१४ जाने., ॲन आर्बर, अमेरिका
चर्चच्या तळघरातील व्यायामवर्गाला आज तिघीच. वर्ग माझा, संशोधनही माझेच: मेक्सिकन स्त्रिया समूहव्यायाम का टाळतात. रोझा, माझी सहकारी आणि या शहरातली एकुलती मैत्रीण, कारणे आणून देते. थंडी. नवऱ्यांना पसंत नाही. वर्गातली लुपे म्हणते म्हणे, 'दिवसभर हॉटेलच्या खोल्या आवरते, वेगळा व्यायाम कशाला?' समजुती खोलवर रुजलेल्या. काटेकोर नोंदवले.

२१ जाने.
एकटी लुपे आली, तीही निरोप घ्यायला. गुडघा दुखतो म्हणाली. जिना मात्र झरझर चढून गेली.
बाकीच्या कुठे, रोझाला विचारले. 'बर्फ, डॉक्तोरा, बर्फ.' बाहेर लख्ख ऊन.

२४ जाने., शनिवार
वर्गाचा स्पीकर रोझाचा. तो परत द्यायला तिच्या घरी गेले. गॅरेज अर्धे उघडे. आत संगीत, आणि माझ्या वर्गातल्या सगळ्या बायका. लुपे त्याच गुडघ्यावर गिरक्या घेत होती. रोझा ओरडत होती, 'हात वर, गॉर्दिता!'
गॉर्दिता, म्हणजे जाडे. हा शब्द मी वर्गात बंद केला होता.
मला पाहून संगीत थांबले. रोझा बाहेर आली.
'तो लाडाचा शब्द आहे. तू तो अपमान आहे असं समजावून सांगितलंस, तेव्हा त्यांना अपमान वाटला.'
'आणि थंडी? नवरे?'
'तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं.'
स्पीकर न देताच परतले.

२५ जाने.
मुक्ता म्हणते, 'पण आई, तू एवढी बारीक असून आजी तुला ‘जाडे’च म्हणते ना. अँड यू लाइक इट.' लेकीला काय सांगावे.
नागपूरच्या शाळेत मला नावाने नव्हे, वस्तीच्या नावाने हाक मारीत. हाकेने माणूस कसा लहान करता येतो, हे मला कुणी शिकवू नये. हे मी आजवर फक्त रोझाला सांगितले होते. म्हणजे तिला सगळे ठाऊक असून…

२९ जाने.
संशोधनातले 'अडथळे' हे प्रकरण रद्द करावे लागेल. त्यातली कारणे रोझाने माझ्यासाठी रचलेली. एक खरा अडथळा उरतो. त्याचे वाक्य जमत नाही.
दुपारी तिचा मेसेज. 'शनिवारी दहाला. ये, फ्लाका.'
फ्लाका, म्हणजे काटकुळी. मी तशी आहेच. हा लाड की टोमणा, शब्दकोशात सापडत नाही.
उत्तर लिहिले, खोडले. स्पीकर अजून माझ्याच गाडीत आहे.