निकालाआधी मेलो तर

मी, ज्ञानेश्वर कोंडू पष्टे, वय एकाहत्तर, धंदा वकिली, सध्या आरोपी, राहणार वैशाखरे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांच्या मते हृदयाची झडप मात्र कामातून गेली आहे, आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. इतरांची मृत्युपत्रं मी ढिगाने लिहिली. एका मोघम ओळीपायी सख्खे भाऊ कोर्टात कसे येतात ते जवळून पाहिलं, म्हणून इथे मोघम काही ठेवणार नाही.

१. आधी माझ्यावरच्या खटल्याविषयी. हे मृत्युपत्रात येत नाही, मला ठाऊक आहे. पण मृत्युपत्र माझं आहे.

शहापूर-मुरबाडकडे माझं नाव झालं ते एका रीतीमुळे. कोर्टातली शपथ आपली माणसं पाठ म्हणतात आणि पायरी उतरताना विसरतात. म्हणून मी माझ्या प्रत्येक साक्षीदाराला आधी आमच्या गावच्या वाघोबाकडे नेई, शेंदऱ्या दगडावर हात ठेवायला लावी आणि तो कोर्टात काय सांगणार ते देवापुढे वदवून घेई. मग समोरच्या वकिलाने डोकं आपटलं तरी साक्षीदार हलत नसे.

बरीच वर्षं झाली, शहापूरकडच्या एका दगडखाणीत ठमीबाईचा मुलगा गणू सुरुंगाने मेला. खाणमालकाचा वकील मी. वाळू नावाच्या कामगाराने वाघोबापुढे आण घेतली की सुरुंगाआधी इशाऱ्याचा भोंगा वाजला होता. कोर्टातही त्याने तेच सांगितलं आणि मालक निर्दोष सुटला. पुढे वाळूचे बैल मेले, मुलगी माहेरी परत आली, आणि भगताने त्याला सांगितलं की खोटी आण अंगावर उलटली आहे. वाळू तडक पोलिसांत गेला. भोंगा वाजलाच नव्हता, वकीलसाहेबांनी दगडावर हात धरून तसं वदवलं, असं त्याने लिहून दिलं. एवढ्यावर मी आरोपी झालो. मी गुन्हा नाकबूल केला आहे, आणि इथेही नाकबूल करतो.

२. अटकेनंतर मला जामीनदार लागला. सातबारा घेऊन कल्याणच्या कोर्टात उभं राहील असं एक माणूस, बस. ज्यांना मी जन्मठेपेतून ओढून काढलं त्यांना निरोप गेले. एकाचा सातबारा बँकेत अडकला होता, एकाचा वारसनोंदीत, आणि एकाच्या बायकोने तो पोलादपूरला गेल्याचं सांगितलं तेव्हा मागे त्याचा खोकला ऐकू येत होता. गरज सरो, वैद्य मरो. यांना मी काहीही ठेवत नाही. माझ्या मयताला आले तर चहासुद्धा विचारू नये.

सातबारा घेऊन आली ती ठमीबाई. तिला मनाई करणारं कलम सरकारी वकिलाने शोधलं, मीही शोधलं. मिळालं नाही. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, बाई, हा कोण ते माहीत आहे ना?

"मायती हाय सायेब," ती म्हणाली. "यानंच माझी साक्ष पाडली. आत राह्यला तं हा मरंल. आन मेला का केस मिटली, मना समद्यांनी सांगितलंय. माजं बोलनं अजून झालं नाय. याला जिता ठेवा."

बाहेर आल्यावर मी आभार मानायला गेलो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "गोळ्या टायमावर घ्या," म्हणाली, आणि शहापूरच्या जीपमध्ये जाऊन बसली.

ती म्हणाली ते कायद्याने बरोबर आहे. आरोपी मेला की खटला संपतो. मग मी दोषीही नाही आणि सुटलेलाही नाही.

३. वैशाखऱ्याचं घर आणि ओढ्यालगतचं भातशेत, दोन्ही माझी स्वकष्टार्जित, चिरंजीव मनोज याला. अट कलम सहामध्ये आहे, ती वाचल्याशिवाय त्याने रंगाऱ्याला बोलावू नये. गेल्या महिन्यात मी झोपलो आहे असं समजून तो ओटीवर पाहुण्यांना म्हणाला, "निकालाआधी गेले तर बरं. नाव तरी राहील." मी जागा होतो. मनोज, बापाचं वाईट वाटलं पाहिजे अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती. पण तुझ्या त्या वाक्यानंतर सगळ्यांनी निवांत चहा प्यायला, हे मला फार लागलं.

४. माझी सगळी पुस्तकं आणि मुरबाडचं ऑफिस मुलगी योगिनी हिला. वकिली ती माझ्याच हाताखाली शिकली. माझं वकीलपत्र घेण्याआधी तिने विचारलं, "बाबा, भोंगा वाजला होता का?" मी म्हटलं, वकिलाने अशिलाला असलं विचारायचं नसतं. तिने वकीलपत्र परत ठेवलं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. तरी या मृत्युपत्राची व्यवस्थापक तीच, कारण तिला फिरवणं मला जमलेलं नाही.

५. वकिलांच्या खोलीतला माझा फोटो काढून तिथे कॅलेंडर लावलं आहे. फोटो परत मागून घ्यावा. चौकटीचे पैसे माझे होते. काळा कोट कोणालाही देऊ नये. माझ्या अंगावरही घालू नये.

६. आता शेवटचं. ठमीबाईची साक्ष ऑपरेशननंतरच्या तारखेला आहे. मला ती तारीख गाठायची आहे. मला निर्दोष सुटायचं आहे, तिला मी दोषी ठरायला हवा आहे, आणि मी जगावं असं वाटणारं तिच्याशिवाय दुसरं कोणी मला दिसत नाही. हे लिहिताना मला रडू आलं, तेही नोंदवतो.

गणूच्या खटल्यात मी तिला विचारलं होतं, मुलगा दारू प्यायचा का? ती म्हणाली, सणाला. एवढ्यावर मी खाली बसलो. ती पुढे काही सांगू पाहत होती, ते न्यायाधीशांनी लिहून घेतलं नाही.

मी निकालाआधी मेलो तर माझ्या दहाव्याला माझ्या अंगणात ठमीबाईला मानाने बोलवावं आणि कोर्टात द्यायची ती साक्ष तिने सर्वांसमोर द्यावी. मनोजने समोर बसून ती शेवटपर्यंत ऐकावी. मध्येच उठला तर घर आणि शेत गावच्या शाळेला जाईल. तो बसला की उठला हे योगिनीने ठरवावं. ठमीबाईला मी दमडीही ठेवत नाही. ठेवली तर तिची साक्ष विकत घेतली म्हणतील.

यातून मी गुन्हा कबूल केला असा अर्थ कोणी काढू नये.

तिला हवं तेवढं बोलू द्यावं. तिची उलटतपासणी कोणीही घेऊ नये.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि साक्षीदारांदेखत सही केली.

सही: ज्ञा. कों. पष्टे

साक्षीदार (दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितलं आहे):
१. कमळ देसले, कोर्टाबाहेर चहाचं दुकान, मुरबाड. सही
२. गोजर विशे, निवृत्त बेलीफ, शहापूर. सही

ठिकाण: मुरबाड
तारीख: १८ नोव्हेंबर २०२५