तुझ्या सायकलवर बाबा

प्रिय ठमे,

हे वाचताना उभी असशील तर आधी बस. घाबरण्यासारखं काही झालेलं नाही. मीच काळजीने अर्धी झालेय, मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात तसं.

तुझे बाबा आता बरे आहेत. मधे बरे नव्हते, ते तुला मुद्दाम कळवलं नाही. तू वॉर्डात त्या कोरोनाच्या तोंडाशी उभी. त्यात आमचं कुठे सांगायचं. बस बंद झाल्या आणि जन्मभर शहरभर गाडी हाकणारा माणूस खिडकीपाशी खुर्चीत रुतला. बातम्या लावायचे, ताप मोजायचे, पुन्हा बातम्या. श्वास अडकतोय म्हणून छाती धरायचे. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, छातीला काही झालेलं नाही, ही भीती आहे, रोज थोडं बाहेर चाला. घरी येऊन माझ्यावरच डाफरले, मी काय भित्रा आहे? पहिल्या दिवशी आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत गेलो. समोरून कुणीतरी शिंकलं आणि स्वारी अशी मागे फिरली की मला धावावं लागलं. मास्कच्या आड मी हसत होते.

तरी जात राहिलो. मग एका सकाळी त्यांनी जिन्याखालची तुझी सायकल काढली, हवा भरली, साखळीला तेल दिलं. या वयात पडाल, म्हटलं. म्हणाले, "हत्ती हाकलाय मी, ही तर शेळी." ते परत येईपर्यंत मी गॅलरीच्या कठड्याला चिकटून उभी. घामाघूम होऊन आले आणि आल्याआल्या जेवायला मागितलं. आपल्या बसच्या मार्गानेच जातात म्हणे, आणि दर थांब्यावर पाय टेकतात. चढायला कुणी नसतं, पण सवय. आता झोप लागते त्यांना. भीती गेली असं नाही. अजूनही मधेच छाती धरतात, पण मग चपला शोधतात.

काल तुझ्या वॉर्डातल्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्यावर रागावू नकोस. ती म्हणाली, तुमच्या मोठ्या सिस्टर त्याच आजाराने गेल्यापासून तू ड्यूटी संपली की होस्टेलच्या खोलीचं दार लावून घेतेस, डबा तसाच परत जातो, आणि आम्हाला मात्र मजेत आहे म्हणून सांगतेस. बाबांना सांगितलं. सायकल पुसत बसले.

हे पत्र फाटकावरच्या माणसाने वर आणून दिलं असेल. देणारे बाबा खाली, रस्त्यापलीकडे उभे आहेत. जवळ येऊ देणार नाहीस, ठाऊक आहे, लांबूनच बोल. सायकल तुझ्याजवळ ठेवून ते चालत परत येणार आहेत, माझं कोण ऐकतंय. त्यांच्यादेखत एक चक्कर मार. तेवढंही नको वाटलं तर नुसती खाली ये. तू जिना उतरून फाटकापर्यंत आलेली दिसल्याशिवाय ते हलायचे नाहीत.

तुझ्या फोनकडे कान लावून बसलेली,
तुझीच आई