टीव्हीवर रजलीचं नाव

ती. आईस मेधाचा उदयनगरहून साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. अजेय, आईला सगळं वाचून दाखव, भिया, भाऊ आहेस ना माझा, मधलं गाळू नकोस.

आई, मी मागितली म्हणून संस्थेनं माझी तुझ्याजवळ, धारला बदली केली होती. बॅग भरून मी जीपमध्ये बसलेसुद्धा. तेवढ्यात रजलीची आई धावत आली. माझ्या वर्गातली ही मुलगी कधी तोंड उघडत नाही. पण जुन्या टीव्हीला जोडायचे ते स्वस्त कंप्यूटर आम्ही आणलेत ना, त्यावर अक्षरांचा खेळ खेळता खेळता परवा तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

“मैडम, तुम गई तो हेडसाब सब अलमारी में बंद कर देंगे,” ती म्हणाली.

“दूसरी मैडम आएगी,” मी म्हटलं.

“कौन?”

माझ्या जागी कुणालाच नेमलेलं नव्हतं. मी उतरले.

वर्गातल्या मुली नाचल्या. मी खोलीत येऊन दार लावलं आणि खूप रडले. संस्था आता पुन्हा विचारणार नाही. कुणी धरून ठेवलेलं नाही, तरी इथून निघता येत नाही.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नसेन. अजेय कामावर गेला की औषधाचे थेंब कोण घालेल? प्रमोदिनीकाकूला विचारलंस का?

तुझी,
मेधा