शेकायला आलेली

४ ऑक्टोबर
अलास्कात पोचले. खाणीचा रस्ता या टेकडीवरून न्यायचा आहे. खालची बारमाही गोठलेली जमीन तो पेलेल का, हे सेन्सरने मोजून रिपोर्ट द्यायचा. मी हो म्हटलं तरच बुलडोझर येतील. केबिन झकास आहे; खिडकीतून बर्फातून डोकावणारं तांबूस शेवाळ दिसतं. बॉथेलच्या घरून आईचा फोन आला. हीटर अजिबात बंद करायचा नाही, अशी तंबी मिळाली.

९ ऑक्टोबर
पाय गारठतात. इथली घरं खांबांवर असतात, खालून वारा खेळता राहतो, म्हणजे घराच्या उबेने जमीन वितळत नाही. मी ती फट फळ्या ठोकून बंद केली. थोड्या दिवसांत काही बिघडणार नाही, असा हिशेब केला. साइट मॅनेजर शशिकांतकाका फोनवर म्हणाले, बरं केलंस, नाहीतर तुझी कुल्फी आईला कुरिअर करावी लागली असती.

१५ ऑक्टोबर
दुकानवाल्या अ‍ॅग्नेसबाई फळ्या बघून म्हणाल्या, शहरातले लोक पायांचे फार लाड करतात. मग हसायच्या थांबल्या. त्यांच्या आजीच्या लहानपणी साथीत गावातली मुलं गेली, आजीची धाकटी बहीणही. जमीन दगडासारखी, म्हणून याच टेकडीत उथळ खड्डे करून पुरली. गोठलेली आहेत तोवर निजलेली आहेत, म्हणाल्या. फळ्या काढ.
मी मान डोलावली. काढल्या नाहीत.

२१ ऑक्टोबर
केबिनखालचा सेन्सर शून्याच्या वर. खालून ठकठक. वितळती माती खचताना आवाज होतो. नोंद केली.

२४ ऑक्टोबर
आवाज माझ्या खुर्चीखाली. खुर्ची सरकवली. आवाजही सरकला. काका म्हणाले, उंदीर असतील, रिपोर्ट पाठव.

२६ ऑक्टोबर
फळ्या काढल्या. केबिनच्या तळाला चिखलाच्या हातांचे ठसे. लहान लहान. सगळे हीटरच्या बरोबर खाली.
घाबरवायला नाही आलेली. शेकायला आली आहेत.

२७ ऑक्टोबर
रिपोर्ट पाठवला: रस्ता नको. एका केबिनने एवढं, तर रस्त्याने— 
हीटर बंद केला. आईने विचारलं, चालू आहे ना. हो म्हटलं.

२८ ऑक्टोबर
सेन्सर शून्याखाली. आवाज एकेक करून थांबले. एक उरला. सगळ्यांत हलका. अ‍ॅग्नेसबाईंनी घरी बोलावलं. गेले नाही. माझ्यामागून आजीची ती धाकटी बहीणही तिथे—

२९ ऑक्टोबर
ठकठक आता दारावर. खाली. मुलाचा हात पोचेल तिथे.
बाहेर गार. आत गार. ती ऊब शोधते आहे, आणि इथे ऊब म्हणजे आता फक्त मी—