चिचगडात आलेली बर्फाची गाडी

चिचगड, ता. देवरी
२४ ऑगस्ट २०११

आदरणीय जवाईबापू लोकेशराव यांना यादोरावचा मानाचा जयभीम.

तुमची तब्येत आता कशी आहे? लदाखच्या हवेत तुमच्या नाकातून रक्त येतं असं अल्काने सांगितलं होतं, ते थांबलं असेल अशी आशा करतो. इकडे मी, लीला, पोरगी खुशबू आणि आई मजेत आहोत. (आईचे गुडघे मजेत नाहीत, पण ते तुमच्या लग्नातही नव्हते.) तुम्ही माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण आमच्या बहिणीचे मालक, म्हणून जयभीम आधी माझ्याकडून. तुमच्या चौकीवर फोन लागत नाही, लागला तर अर्धं बोलणं डोंगरातच राहतं, आणि ही हकीकत ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून हे पत्र.

तर जवाईबापू, मी गाडी घेतली. तुमच्या फौजेत जिला स्नो स्कूटर म्हणतात, ती. समोर चाकांच्या जागी दोन घसरपाट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, आणि बसायला लांब सीट. तुम्ही तिच्यावर बर्फातून हिंडत असाल. मी ती देवरीला हायवेवर छोटेलाल भंगारवाल्याकडे पाहिली. रायपूरकडे कोणीतरी मोठ्या हॉलमध्ये खोटा बर्फ करून लोकांना थंडी विकायचा धंदा काढला होता, तो बसला आणि सामान भंगारात आलं. मी तिथे एका पंपाचा पिस्टन शोधायला गेलो होतो. (आपलं दुकान अजून तेच आहे, पंप आणि मोटरसायकल दुरुस्ती.) छोटेलाल म्हणाला, "भैया, ये कीचड़ में मक्खन जैसी जाएगी." त्याने ती चिखलात कधी पाहिली होती, हे मी विचारलं नाही. मनात एकदा चित्र उमटलं की माणूस असे प्रश्न विचारत नाही.

चित्र असं होतं. लीलाची अंगणवाडी बोरटोल्याच्या वस्तीवर आहे. आमच्या घरापासून तीन किलोमीटर, मध्ये नाला, आणि पावसाळ्याचे चार महिने तो रस्ता रस्ता राहत नाही. गेली चौदा वर्षं ती चपला हातात घेऊन चिखल तुडवत जाते. मला वाटलं, तिला मागे बसवावं, छत्री उघडून द्यावी आणि टोल्यावर ऐटीत उतरवावं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ऐटीत कुठे उतरवण्याचा योग आला नव्हता.

मे महिन्यात गाडी दुकानासमोर आली आणि मी ट्यूनिंगला बसलो. हे तुम्हाला नीट लिहितो, कारण इथे ऐकणारं कोणी उरलेलं नाही. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, जुन्या स्कूटरसारखं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंक झाला होता, तो सुईने काढण्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ती सुरू झाली आणि इतका धूर सोडला की समोरच्या खेमराज हॉटेलवाल्याने भज्यांची परात आत नेली. विचार करता लक्षात आलं, की हिचा घसा थंडीसाठी बनवलेला आहे. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. आपल्या चव्वेचाळीस डिग्रीच्या पातळ हवेत तेवढंच पेट्रोल पिऊन ती गुदमरत होती. मग मी एका मेलेल्या मोटरसायकलचा बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी तोटी, काढून हिला बसवला, सुई एक खाच खाली घेतली, आणि प्लगचा रंग डांबरासारखा होता तो चहासारखा आला. त्या दिवशी मी घरी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

एक गोष्ट मात्र जमली नाही. या गाडीच्या मुठींमध्ये हात शेकायची सोय आहे. तिकडच्या थंडीत ती देवासारखी वाटत असेल. आमच्या गाडीत त्याचं बटण चालू स्थितीतच अडकलेलं होतं. मे महिन्याची दुपार, टिनाचं शेड, आणि हातात दोन तापलेल्या मुठी. मी ओलं पोतं गुंडाळून चालवायचो. खेमराज गिऱ्हाइकांना सांगायचा, "यादोराव गाडी नाही चालवून राहिला, पोळ्या शेकून राहिला."

कोरड्या रस्त्यावर ती वळतच नव्हती, घसरपाट्या डांबरावर किंचाळायच्या. म्हणून मी पावसाची वाट पाहिली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, रोवणी ऐन जोरात असताना, सकाळी नऊ वाजता गाडी काढली. लीलाला म्हणालो, बस. ती म्हणाली, "तुमी व्हा समोर, मी येतो पायी." मला थोडं लागलं, पण मी निघालो.

खरं सांगतो जवाईबापू, पहिली दोनशे पावलं ती गेली. नाल्याचं पाणी फाडत गेली, चिखलावरून सरसर गेली. आमच्या दुधरामच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वीस-पंचवीस बाया धान रोवत होत्या, सगळ्या कंबर सरळ करून पाहू लागल्या. आयुष्यात एवढ्या बायांनी मला एकदम पाहिलं नव्हतं, लग्नातही नाही. मग जळका वास आला. त्या पट्ट्याच्या आत प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांना बर्फच थंड ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. पट्ट्यात चिखल ठासला, इंजिन हंबरलं, आणि गाडी माझ्यासकट सीटपर्यंत खाली बसली.

दुधराम बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा होता. तो म्हणाला, "का गा यादोराव, बर्फाची गाडी हाये ना हे? मंग बर्फ पडेपरेंत थांबला असता."

तेवढ्यात लीला आली. धुऱ्यावरून, चपला एका हातात, छत्री दुसऱ्या हातात. थांबलीसुद्धा नाही. जाता जाता म्हणाली, "चार वाजता वापस येतो. तवापरेंत असान तं सोबत जाऊ."

चार वाजता मी तिथेच होतो.

वजन कमी केल्याशिवाय गाडी निघणार नव्हती, म्हणून दोन दिवस लावून मी इंजिन तिथल्या तिथेच उतरवलं, चालवायचा बेल्टही काढला, आणि इंजिन बांबूला टांगून घरी आणलं. सांगाडा दुधरामच्या मदतीने ओढून बोरटोल्याच्या बाजूला धुऱ्यावर लावला. येणारे-जाणारे त्यावर बसून बिडी प्यायचे. मी दुकानात मान खाली घालून पंप उघडायचो. चार-पाच दिवस मी खेमराजकडे चहासुद्धा घेतला नाही.

आता पुढचं लिहितो. या महिन्याच्या नऊ तारखेला मी सांगाड्याचे उरलेले नट काढायला गेलो होतो. टोल्यावर जागेश्वरची बायको रुख्मा पहाटेपासून अडली होती. पहिलं बाळंतपण. आरोग्य केंद्राची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत आलेली, पुढे येणं शक्य नाही. लोकांनी तिला बाजेवर घेतलं. शंभर पावलांवर जागेश्वरचा पाय मांडीपर्यंत गेला, बाज कलली आणि रुख्मा पडता पडता राहिली. त्यानंतर ती बाजेवर चढायला तयार होईना. म्हणाली, "मरन यायचं तं इथंच येऊ द्या." पाऊस चालू.

लीला अंगणवाडीतून पळत आली होती. तिने रुख्माकडे पाहिलं, मग माझ्या सांगाड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे घसरते का नाही, तेवढंच सांगा."

मी म्हणालो, घसरते.

"दुधरामभाऊ, तुमचे हल्ले सोडा इकडं. तुमी बसा अना दांडी धरा." दुसरं वाक्य मला होतं. (हल्ले म्हणजे रेडे. तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या बराकीत कोणी नाशिक-साताऱ्याचा पत्र ऐकत असेल तर त्याला सांगा.)

बेल्ट काढलेला असल्यामुळे मागचा पट्टा मोकळा फिरत होता आणि पुढच्या पाट्या चिखलावर खरंच लोण्यासारख्या जात होत्या. छोटेलाल खोटं बोलला नव्हता, फक्त इंजिन काढून टाका, एवढं सांगायचं त्याच्याकडून राहिलं होतं. पुढे दुधराम हल्ले हाकत, मधे मी दांडी धरून, माझ्यामागे रुख्मा, तिला पाठीमागून कवेत घेऊन लीला. रुख्माने माझा शर्ट मुठीत धरला होता. कळ आली की शर्ट माझा गळा आवळायचा. मी एकदाही मागे पाहिलं नाही, हिंमत नव्हती. नाल्यात एक पाटी दगडाखाली अडकली, गाडी कलली. जागेश्वर पाण्यात शिरला, खांदा लावून त्याने ती उचलून दिली. तो रडत होता, पण हात सुटले नाहीत. सव्वा तासात डांबर दिसलं. तीन वाजता आरोग्य केंद्रात मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

नर्सबाईने विचारलं, कोणत्या गाडीने आणलं? मी सांगायला तोंड उघडलं, तोवर दुधराम म्हणाला, "माह्या हल्ल्यांच्या."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. लीला शेजारी येऊन बसली. तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. म्हणाली, "बरी चालवली." जवाईबापू, एवढंच. पण ते तिने आणखी कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

थंडीत जपून राहा, कानटोपी काढू नका. घरच्या सर्वांकडून जयभीम.

आपला,
यादोराव

ता. क. : मुद्द्याचं राहिलं. गाडी घरी आणली त्या दिवशी लीलाने विचारलं होतं, कोणाला विचारून घेतली? माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. म्हणालो, लोकेशरावांनी कळवलं की फौजेत याच गाड्या चालतात, बिनधास्त घ्या. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आलात की ती विचारेल. तेव्हा फक्त 'हो' म्हणावं, जास्त खोलात जाऊ नये, ही हात जोडून विनंती. पत्र वाचून फाडून टाकावं.

ता. क. दुसरा : जवाईबापूंना लीलाबाईचा जयभीम. पत्र टपालात टाकायला माझ्याजवळ दिलं होतं, पाकीट उघडंच होतं. तुम्ही खोटं बोलायची तसदी घेऊ नका. मी त्याच दिवशी अल्काला विचारलं होतं, तुमचा यांना फेब्रुवारीपासून फोन नाही. यांना सांगू नका की मला माहीत आहे, सध्या दुकानात मान वर करून बसून राहिले. बाकी, पलीकडच्या टोल्यावर दोन बाया ऑक्टोबरात बाळंत होणार आहेत. तुमच्या तिकडे अशी एखादी जुनी गाडी निघत असेल तर कळवा. बिनइंजिनची.