पहिला घोट

कुरुद, २८ एप्रिल १९९५

हातात हिरवा चुडा, डोक्यात हवा, अशी मी साकोलीहून सासरी पोचले. सासूबाई कामाला हात लावू देत नाहीत. हे कुम्हारी रस्त्यावरच्या एका लहानशा कारखान्यात पंपावर आहेत. उकाडा मात्र फारच. मामाजी, म्हणजे सासरे, म्हणाले, पूर्वी आपली विहीर मृगापर्यंत पुरायची. आता दरसाल ऊन वाढतं, पाऊस लांबतो. यंदा होळीलाच तळ दिसला.

अक्षय्य तृतीया

मामाजींची पाणपोई सुरू झाली. विहीर आटली म्हणून पाणी यांच्या कारखान्यातून टँकरनं येतं. घरची रीत अशी की रोज रांजणातला पहिला घोट सुनेनं सगळ्यांसमोर घ्यायचा, म्हणजे लोक निर्धास्त पितात. मी पदर सावरून ऐटीत प्याले. चव जरा लोखंडी. पण सायकलवाले कामगार आशीर्वाद देऊन गेले, फार बरं वाटलं.

१० मे

पाणपोईवर झुंबड. गंमत म्हणजे या पाण्यानं तहान भागत नाही, वाढते. मीही दिवसभर पिते. हिरड्यांवर काळी रेघ आली आहे. सासूबाई म्हणाल्या, उष्णतेचं आहे, पन्हं घे.

१६ मे

रोज येणाऱ्या देवाजी हमालाच्या हिरड्याही काळ्या. आज पेला परत देताना त्याचं एक नख पेल्यातच राहिलं. त्याला कळलंही नाही. अजून पाणी मागत होता.

१८ मे

फळीमागे झाकलेली कळशी सापडली. गोड पाणी. आमचे हे ते उतई गावाहून आणतात, घरच्यांसाठी. मग मी कोण?

यांना विचारलं. जेवता जेवता म्हणाले, "कारखान्याच्या नालीचं पानी हाय ते. पानपोई बंद पडली तं बाबाचं नाव जाईन. तुले दिवसभर प्यायले कोनं सांगतलं? एकच घोट घ्याचा असते."

ज्याच्या भरवशावर माहेर सोडलं, तो हा माणूस.

२० मे

देवाजी गेला. मामाजी म्हणाले, लू लागली, उन्हाचा झटका. सगळ्यांनी माना डोलावल्या. रांजण फोडायला दगड उचलला— हातात जोरच नाही—

२१ मे

वही पाणपोईवर आणली आहे. समोर बायका, कडेवर पोरं. मी प्याले की पितील. नाही पिणार. ओरडून सांगणार— घशातून आवाज फुटत नाही— आवाज येण्यापुरता फक्त एक घो